फक्त अन्नासाठी

नर्सिंगला आले तेव्हा सलाईनबद्दल मला जे ठाऊक होतं ते आमच्या गावात कुणालाही ठाऊक होतं: सलाईन लावलं की अंगात ताकद येते. तापानंतर, बाळंतपणानंतर, निवडणुकीत चार दिवस राबून आल्यावरसुद्धा लोक डॉक्टरकडे जाऊन 'एक बाटली लावा' म्हणायचे आणि डॉक्टर लावायचे. पहिल्या वर्षाला आम्हाला पोषणशास्त्र होतं. त्यात कॅलरी पाठ केल्या, परीक्षेत लिहिल्या. पण वहीतल्या कॅलरींचा आणि स्टँडला टांगलेल्या बाटलीचा काही संबंध असेल असं कधी मनात आलं नाही. तो संबंध मला ज्यांनी दाखवला त्यांच्याविषयी हे लिहिते आहे. आमच्या वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर, एक सर्जन, काही रुग्ण आणि त्यांची माणसं. शिवाय एक अमेरिकन डॉक्टर. त्यांना मी कधी पाहिलं नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. सरकारी रुग्णालयात पुरुषांच्या सर्जरी वॉर्डात माझी नेमणूक झाली. टायफॉईडने आतड्याला भोक पडलेले, आतड्याचा क्षय झालेले, बैलाने शिंग खुपसलेले असे रुग्ण रात्री-अपरात्री यायचे. आतडं शिवून पोट बंद केलं जायचं आणि बरेच जण चालत घरी जायचे. काहींचं मात्र पाच-सात दिवसांनी बिनसायचं. ताप चढायचा, पोट फुगायचं आणि एका सकाळी ड्रेसिंगवर पिवळट-हिरवा ओला डाग दिसायचा. वॉर्डातल्या मावशींना ते डॉक्टरांच्या आधी कळायचं. "ह्याचं फुटलं बाई," असं त्या चादर बदलता बदलता हळूच सांगायच्या.

फुटलं म्हणजे आतून शिवण सुटली आणि आतड्यातलं पाणी पोटाच्या जखमेतून बाहेर यायला लागलं. याला फिश्चुला म्हणतात. लोकांना फिश्चुला म्हटलं की भगंदर आठवतं, पण हा वेगळा. मोठ्या माणसाच्या लहान आतड्यात दिवसाला आठ-नऊ लिटर पाणी येतं. त्यातलं दोनेक लिटर आपण खाल्ल्याप्यायल्याचं. बाकी सगळे शरीराचेच रस: लाळ, जठरातलं आम्ल, पित्त, स्वादुपिंडाचा रस, खुद्द आतड्याचा रस. धडधाकट माणसात यातलं जवळजवळ सगळं पुन्हा शोषलं जातं. आतड्याला वरच्या बाजूला भोक पडलं की ते बाहेर वाहून जातं आणि त्याबरोबर सोडियम, पोटॅशियम, प्रथिनंही जातात. जाताना हे पाचकरस पोटावरची कातडीही पचवतात. तोंडाने खाल्लं की वाहणं वाढतं, म्हणून डॉक्टर केसपेपरवर 'तोंडाने काही नाही' लिहायचे. मग आम्ही सलाईन लावायचो आणि माणूस डोळ्यांदेखत वाळत जायचा. आधी गालफडं बसायची, मग मांड्या जायच्या, शेवटी खोकायचीही ताकद उरायची नाही. तो गेला की आम्ही म्हणायचो, विष अंगात भिनलं. ते खोटं नव्हतं. पण त्याआधी तो उपाशी होता, हे कुणी बोलत नसे. सलाईन चालू असताना माणूस उपाशी कसा?

मुंबईहून एक नवे सर्जन आमच्याकडे बदलून आले. त्यांना मी इथे नुसतं सर म्हणते. पहिल्याच आठवड्यात राऊंडला एका फिश्चुलाच्या खाटेशी थांबून त्यांनी मला विचारलं, "सिस्टर, याला दिवसभरात काय जातं?" मी सांगितलं, पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या सहा बाटल्या. "म्हणजे किती कॅलरी?" मी गप्प. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि चार्टच्या मागे हिशेब मांडला. अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर, सहा बाटल्यांत 150 ग्रॅम, ग्रॅमला 3.4 प्रमाणे 510 कॅलरी. "याला दोन हजार तरी लागतात. शिवाय प्रथिनं. ती शून्य." रागावले नाहीत, पुढच्या खाटेकडे गेले. तो चार्ट मी नंतर कितीतरी वेळ हातात धरून उभी होते. आमच्याकडे दगावलेली माणसं एकेक करून आठवायला लागली.

नर्सेसना तासाला बसवून शिकवणारे सर्जन मी तोवर पाहिले नव्हते. सर शनिवारी दुपारी ड्युटी रूममध्येच शिकवायचे, टेबलावर बूड टेकून. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी 1960 साली आपल्या 157 फिश्चुला रुग्णांचा हिशेब छापला होता, हे त्यांच्याकडून कळलं. शंभरातले 43 दगावले होते. मारणाऱ्या गोष्टी तीनच सापडल्या: कुपोषण, पाणी आणि क्षार यांचा बिघडलेला तोल, आणि जंतुसंसर्ग. जगातल्या मोठ्या रुग्णालयातही असंच होत होतं हे ऐकून मला थोडा धीर आला होता, हे खरं सांगते. सरांना तो धीर मान्य नव्हता. "ते 1960 होतं," ते म्हणाले.

मग त्यांनी स्टॅनली डडरिक यांची गोष्ट सांगितली. पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणींच्या भागातलं नँटिकोक हे त्यांचं गाव. फिलाडेल्फियात शिकाऊ सर्जन असताना, शस्त्रक्रिया नीट झालेले रुग्ण नुसत्या उपासमारीने जातात हे त्यांनी पाहिलं आणि जोनाथन रोड्स या आपल्या प्रमुखांच्या हाताखाली त्यावर काम सुरू केलं. बीगल जातीची सहा पिल्लं त्यांनी तोंडाने काहीही न देता, हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतून साखर, प्रथिनांचे घटक, क्षार आणि जीवनसत्त्वं देऊन वाढवली. सगळ्यांत कमी दिवस दिले त्या पिल्लाला 72 दिवस आणि सगळ्यांत जास्त त्याला 256. ती पिल्लं आपल्या खात्यापित्या भावंडांइतकीच वाढली. 1967 साली फिलाडेल्फियातच, आतडं जवळपास निकामी असलेल्या एका तान्ह्या मुलीला हेच अन्न दिलं गेलं. नळी मानेच्या शिरेतून आत आणि तिचं बाहेरचं टोक कातडीखालून कानामागे काढलेलं. मुलीचं वजन वाढलं, डोकं वाढलं. पुढे ती गेली. पण माणूस शिरेतून जेवून वाढू शकतो, हे तिने दाखवून दिलं होतं. ते ऐकताना मला काय वाटलं असेल? मला वाटलं, हे अमेरिकेत. आपल्याकडे सहा बाटल्यांची मारामार, तिथे हे खूळ कुठे चालायचं?

खूळ चाललं ते इनचार्ज सिस्टरांमुळे. पन्नाशीला आलेल्या बाई, आवाज बारीक. सरांनी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "नळी मी घालीन, ती टिकवायची तुम्ही." हाताच्या शिरेतून हे अन्न का देता येत नाही, हे सिस्टरांनी आम्हाला त्यांच्या पद्धतीने समजावलं. पंचवीस टक्के साखर हाताच्या बारीक शिरेत सोडली की शीर सुजते, दुखते, बंद पडते. गळपट्टीच्या हाडाखालच्या मोठ्या शिरेतून नळी हृदयाच्या तोंडाशी नेली की तिथल्या रक्ताच्या लोंढ्यात ती लगेच पातळ होते. "ठेचा बोटाला लागला तर आग होते. पातेलंभर आमटीत पडला तर कळतो का?" त्या वाटेने शिरेपर्यंत पोहोचण्याची रीत रॉबेर ओबानियाक या फ्रेंच डॉक्टरने 1952 साली लिहून ठेवली होती, हे सरांनी सांगितलं. माझ्या लक्षात मात्र ठेचा राहिला.

त्या नळीचे नियम सिस्टरांनी स्वतःच्या अक्षरात लिहून भिंतीवर लावले. नळीवर चिकटपट्टी डकवून तिच्यावर निळ्या पेनने लिहायच्या: 'फक्त अन्नासाठी'. तिच्यातून इंजेक्शन नाही, रक्त द्यायचं नाही, तपासणीला रक्त काढायचं नाही. ड्रेसिंग ठरल्या दिवशी, हात धुऊन, निर्जंतुक मोजे घालून, बेटाडीन लावून ते वाळेपर्यंत थांबून. हे शेवटचं फार कठीण. वीस-पंचवीस खाटांचा वॉर्ड वाट बघत असताना बेटाडीन वाळण्यासाठी उभं राहायचं म्हणजे पाय नुसती चुळबुळ करतात. त्या शेजारी उभ्या राहायच्या आणि काहीतरी घरचं बोलत राहायच्या, आपल्या सुनेचं, भिशीचं. वाळलं की बोलणं अर्ध्यात सोडून म्हणायच्या, "हं, लाव आता." ताप चढला की पहिला संशय नळीवर. ती काढून तिचं टोक कापून तपासणीला पाठवायचं. एका नळीने माणूस तगतो आणि त्याच नळीने जंतू थेट हृदयाशी पोहोचतात. दोन्ही त्यांनी आम्हाला एकाच दमात शिकवलं.

मी स्वभावाने भित्री. डॉक्टरला नाही म्हणायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. रात्रपाळीला एक हाऊसमन अँटिबायोटिकची सिरिंज घेऊन आला. रुग्णाच्या हाताला शीर सापडत नव्हती, रात्रीचे दोन वाजलेले, तोही दमलेला. हात नळीकडे गेला. मी म्हटलं, "सर, यातून नाही." "सिस्टर, एकदाच." मी चिकटपट्टीकडे बोट दाखवलं, कारण तोंडातून पुढचा शब्द फुटत नव्हता. तो चिडला, पण मग अर्धा तास बसून त्याने पायाची शीर शोधली. सकाळी त्याने तक्रार केली आणि सिस्टरांनी ती ऐकून घेतली. मला एवढंच म्हणाल्या, "चिकटपट्टी कशाला लावली होती?" पुढच्या नोकरीत जेवढ्या वेळा मला नाही म्हणता आलं त्याचं श्रेय त्या निळ्या अक्षरांना आहे.

बीडकडून ऊसतोडीला आलेला एक तरुण आमच्याकडे होता. टायफॉईडने आतडं फुटलेलं, आधी दुसरीकडे शिवलेलं, ते सुटून आलेला. त्याचं रोजचं वाहणं लिटरच्या वर. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि मुकादमाने हंगामाआधी उचल दिलेली असते. याचा कोयता मोडला होता आणि उचल अंगावर होती. बायको थळावर राहून एकटी जमेल ते करायची. त्याच्यापाशी त्याची आई, माळकरी म्हातारी.

मला वाटलं होतं, बाटल्या आल्यात तर भराभर लावू, इतका वाळलाय. सरांनी पहिले काही दिवस निम्म्याहून कमी द्यायला सांगितलं आणि साखरेच्याही आधी थायमिनचं इंजेक्शन. मला ते कंजूषपणाचं वाटलं. मग शनिवारच्या तासाला त्यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या सुटलेल्या युद्धकैद्यांचं सांगितलं. महिनोन्महिने उपाशी राहिलेली माणसं पोटभर जेवली आणि त्यांतली काही जेवूनच गेली. उपाशी शरीर स्वतःचं स्नायू-चरबी जाळून चालत असतं. एकदम साखर आली की इन्शुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने पेशींमध्ये ओढलं जातं. रक्तातलं फॉस्फेट तळाला गेलं की श्वासाचे स्नायू थकतात, हृदयाचे ठोके चुकतात. म्हणून रोज रक्ताची तपासणी आणि हळूहळू चढती मात्रा. भुकेल्याला वाढतानाही हात आखडता घ्यावा लागतो, हे माझ्या घरच्या संस्कारात बसणारं नव्हतं. ते मी इथे शिकले.

तेव्हा सगळ्या बाटल्या वेगवेगळ्या असत: साखरेची, अमिनो आम्लांची, आणि स्निग्धाची दुधासारखी पांढरी. थेंब आम्ही घड्याळ हातात धरून मोजायचो. दर सहा तासांनी साखर तपासायची. पहाटे तीनला बाटली संपली आणि दुसरी हाताशी नसली तर नळी नुसती बंद करून चालत नाही. शरीर इन्शुलिन सोडत असतं, साखर धाडकन उतरते. म्हणून दहा टक्के डेक्स्ट्रोजची एक बाटली सिस्टर कपाटात कुलूप लावून राखून ठेवायच्या आणि किल्ली रात्रपाळीच्या हातात द्यायच्या.

एका दुपारी मी पांढरी बाटली लावत होते. म्हाताऱ्या आईने विचारलं, "बाई, दूध हाय का हे?"

"नाही आजी, सोयाबीनचं तेल आहे. तसं दिसतं."

तेल पाण्यात मिसळून राहावं म्हणून त्यात अंड्याच्या बलकातलं फॉस्फोलिपिड असतं. स्वीडनच्या आर्विद व्रेटलिंड यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते मिश्रण बसवलं तेव्हापासून असतं. बाटलीवर छापलेलं होतं. मी ते गिळलं. म्हटलं, माळकरी बाई, कशाला? सिस्टर मागे उभ्या होत्या. ड्युटी रूममध्ये घेऊन गेल्या. "तिने विचारलं किती आणि तू सांगितलंस किती? आणि त्या पोराला अंड्याची ॲलर्जी आहे का, हे कुणी विचारलं?" ते डॉक्टरांनी आधीच विचारलेलं होतं, पण मला ते माहीत नव्हतं हेही खरं. मी परत गेले आणि म्हातारीला सगळं सांगितलं. ती थोडा वेळ माळेचे मणी चाचपत बसली. मग म्हणाली, "पोटात तर जात न्हाई न्हवं? शिरंत जातंय. पांडुरंगाला मी सांगते."

अन्न शिरेतून चाललं तरी बाहेरचं पाणी थांबत नव्हतं, आणि कातडी सांभाळणं हे त्या पोराच्या दृष्टीने जेवणापेक्षा मोठं होतं. पाचकरसाने पोटावरची कातडी लाल होऊन सोलवटली होती. वाऱ्यानेही आग व्हायची. सिस्टर सकाळी लवकर, वाहणं कमी असतं तेव्हा ड्रेसिंग करायच्या. आधी कोमट सलाईनने धुणं, मग मऊ गॉजने टिपणं. पुसायचं नाही, टिपायचं. मग हातमोज्याच्या पाकिटाचा कागद जखमेवर धरून बॉलपेनने भोकाचा आकार काढायच्या, तो कापायच्या आणि त्या मापाने चिकटपट्ट्यांची चकती कापायच्या. भोकाच्या कडेला रेषभरही कातडी उघडी राहता कामा नये. राहिली की संध्याकाळपर्यंत तिथे जखम. खाचखळग्यांत झिंक ऑक्साईडची पेस्ट भरायची, वर पिशवी, पिशवीला नळी, नळीचं टोक लघवीच्या युरोबॅगमध्ये. तयार पिशव्या महाग, म्हणून हा जुगाड. पिशवीत जमलेलं पाणी दर पाळीला मोजून चार्टवर. त्याच आकड्यावरून दुसऱ्या दिवशीचे क्षार ठरत. त्या चार्टवर अंदाजे आकडा लिहिणाऱ्या मुलीवर सिस्टर कधी ओरडल्या नाहीत. तिच्यासमोर युरोबॅग रिकामी करून पुन्हा मोजायच्या.

वाहणं लिटरावरून आठशेवर आलं, मग अडलं, मग पाचशेच्या खाली, मग एके दिवशी पिशवी जवळजवळ कोरडी. त्या पोराची शस्त्रक्रिया झालीच नाही. भोक आपलं आपण मिटलं. सर रोज राऊंडला येऊन पोट दाबून बघायचे आणि काही न करता जायचे. चांगल्या हाताचा सर्जन काही न करता जातो, त्याला किती धीर लागतो हे तेव्हा कळलं नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत पोट आतून इतकं चिकटलेलं असतं की पुन्हा उघडलं तर एका भोकाची तीन होतात. हे थांबणं परवडावं म्हणूनच शिरेतलं अन्न. आता मी नव्या डॉक्टरांना हे सांगते, तेव्हा माझ्या तोंडून सर बोलत असतात.

सगळ्यांचं मिटलं नाही. क्षयाचा एक रुग्ण होता, शिंपी. आठवड्यांमागून आठवडे गेले आणि त्याचं वाहणं तसंच. नंतर कळलं, भोकाच्या पुढे आतडं क्षयाने आकसलेलं होतं. पुढची वाट बंद असली की मागचं भोक कितीही खाऊ घातलं तरी मिटत नाही. कर्करोग, आत राहिलेली वस्तू, किरणोपचाराने गेलेलं आतडं, आतून त्वचा धरलेली वाट, यांतही तसंच. त्याला क्षयाची औषधं आणि शिरेतून अन्न देत चांगला धडधाकट केला, मग सरांनी शस्त्रक्रिया केली. तो घरी गेला. आणि बायकांच्या वॉर्डात एक बाई होती, तिच्यासाठी बाटल्या बाहेरून आणायच्या चिठ्ठ्या नवरा घेऊन जायचा. आमच्या समाजसेवा अधीक्षकांनी ट्रस्टांकडे अर्ज केले, एकदा पैसे आलेही. मग एका दिवशी नवरा चिठ्ठी घेऊन गेला आणि बाटलीशिवाय परत आला. आम्ही पुन्हा पाच टक्क्यांवर आलो. तिची किती दिवसांची उमेद होती ते आता लिहीत नाही. तिचं देणं माझ्याकडून फिटलेलं नाही.

सर बदलून जाण्याआधीच्या एका तासाला मी त्यांना विचारलं होतं, हे अन्न आल्यापासून किती माणसं वाचली असतील? त्यांनी मला दोन निबंध दाखवले. 1973 सालचा डडरिक यांच्या मंडळींचा: 62 रुग्ण, 78 फिश्चुला, 70 टक्क्यांहून जास्त आपोआप मिटले, सात टक्क्यांहून कमी दगावले. मी खूश. मग 1979 सालचा, त्याच बोस्टनच्या रुग्णालयाचा, 404 रुग्णांचा. त्यात दिसत होतं की मृत्यूचं प्रमाण 43 टक्क्यांवरून 15 वर आलं ते 1960 ते 70 च्या दरम्यान, शिरेतल्या अन्नाचा वापर रुळायच्या आधीच. अतिदक्षता, अँटिबायोटिक, क्षारांची नीट मोजणी यांनी. नंतर ते आणखी उतरलं नाही. अन्नाने आपोआप मिटण्याचं प्रमाण वाढलं, मरण कमी झाल्याचं सिद्ध झालं नाही. मी हिरमुसले. सर म्हणाले, "पू आधी काढा, मग खायला घाला, मग आतली वाट कुठून कुठे जाते ते बघा, सुरी शेवटी. क्रम चुकला की बाटली काही करत नाही." नंतर इंग्लंडमधल्या सॅलफर्डच्या तज्ज्ञांच्या लिखाणात हाच क्रम सापडला. सरांनी तो दिला नसता तर मी त्या बाटल्यांची पूजा करत बसले असते. माझा स्वभाव तसा आहे.

पुढे मला स्टोमाच्या, म्हणजे पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाच्या, काळजीचं प्रशिक्षण घ्यायला मुंबईला पाठवलं गेलं, सिस्टरांच्या शिफारशीवरून. स्वतः त्या गेल्या नाहीत, घरी सासू अंथरुणाला होती. तिथे कराया डिंकाच्या चकत्या दाखवल्या. पन्नासच्या दशकात क्लीव्हलँडच्या रुपर्ट टर्नबुल या सर्जनने या डिंकाचा कातडी वाचवण्यासाठी उपयोग केला आणि त्यातून स्टोमाची काळजी हे नर्सिंगचं वेगळं शास्त्र उभं राहिलं. डिंक कुठला? कांडोळाच्या झाडाचा, हिंदुस्थानातून गेलेला. आमच्या डोंगरावर पांढऱ्या खोडाचे कांडोळ उन्हाळ्यात उघडेबोडके उभे असतात. लहानपणी आम्ही त्यांना भुताची झाडं म्हणायचो आणि तिन्हीसांजेला त्या बाजूला जायचो नाही. त्या झाडाचा डिंक समुद्रापलीकडे जाऊन पुस्तकात शिरला होता आणि मी तो मुंबईत पहिल्यांदा ओळखला. सुट्टीत घरी गेले तेव्हा वडिलांना दाखवायला एक चकती नेली होती. ते म्हणाले, एवढ्यासाठी मुंबईला गेलीस?

आता वॉर्डात तीन कप्प्यांची पिशवी येते. साखर, अमिनो आम्लं, स्निग्ध, तिन्ही एकात. मधल्या पट्ट्या दाबून फोडायच्या आणि मिसळायचं. पण तिचा वापर आम्ही जमेल तितका कमी करतो. आतडं वापरात राहिलं नाही तर तेही आळसावतं, त्याचं अस्तर विरतं. म्हणून भोकाच्या पुढे चांगलं आतडं असेल तर त्यातच नळी घालून पातळ अन्न देतो. वरून वाहून आलेलं पाणी गाळून खालच्या भोकातून पुन्हा आत सोडतो. पॅरिसचे लेव्ही यांनी 1989 साली अशा शेकडो रुग्णांचा अनुभव छापला होता. घरचा खर्च वाचतो, यकृतही सुखी राहतं. पहिल्यांदा हे करताना माझ्या हाताखालच्या मुलींनी नाकं मुरडली. मीही मनातून मुरडलं. इतकी वर्षं जे बाहेर टाकलं ते मोजून परत घालायचं! तरी केलं. ज्या पद्धतीने मला घडवलं तिला मागे सारायला मला जड जात होतं आणि नव्या सर्जनांना ते दिसत होतं. त्यांनी समजून घेतलं.

डडरिक 2020 साली गेले. पत्र लिहायचं माझ्या मनात पुष्कळ दिवस होतं. इंग्रजी नीट येत नाही म्हणून राहून गेलं, असं मी म्हणते. खरं तर काय लिहायचं हेच ठरत नव्हतं. सिस्टरांना मात्र गेल्या वर्षी भेटून आले. निवृत्तीनंतर गावी असतात, गुडघे गेलेत, कान चांगले आहेत. त्यांना तीन कप्प्यांच्या पिशवीचं सांगितलं, पंपाचं सांगितलं, थेंब मोजावे लागत नाहीत असं सांगितलं.

"रात्री तीनला पिशवी संपली की?"

"पंप ओरडतो."

"आणि हाऊसमन? ऐकतात का?"

"नाही."

"मग पंपाने काय झालं?" असं म्हणून त्या हसल्या आणि स्टोअरमधून चिकटपट्टी अजून वेळेवर मिळते का, ते विचारायला लागल्या.